धरून ठेवलेला पाय

९ जुलै

चि. खाम्पान यास आशीर्वाद.

तू फोन बंद केलास तेव्हा मी म्हटलं, बंद राहू दे, दोन दिवसांनी आपोआप उघडेल. आज एकवीस दिवस झाले, म्हणून हे पत्र. तिकडे कोरियात आपल्या थाई लोकांचं जे विहार आहे, तिथल्या पत्त्यावर पाठवते आहे. रविवारी तू तिथे जेवायला जातोस असं तुझी फाय सांगायची. मोठे भन्ते तुझ्या हातात देतील.

तुझा शेवटचा निरोप मी पुसलेला नाही. "ताई, मंगळवारी संध्याकाळी पोरीनं मला फोनवर सांगितलं होतं, पायांना मुंग्या येतात म्हणून. मी म्हणालो, नाटकं करू नकोस. मी मारलं माझ्या पोरीला. आता मला कुणी फोन करायचा नाही." एवढंच बोलून तू गप्प झालास. लहानपणीही तू असाच होतास. मार खाल्लास की तांदळाच्या कोठारात जाऊन बसायचास आणि आम्ही गावभर हाका मारत फिरायचो.

फायचं सगळं रीतसर झालं. नऊ भिक्खू आले होते. तिचा अख्खा वर्ग गणवेशात आला, तिच्या शेजारी बसणाऱ्या नुचने फोटो धरला. तुझ्या नावाने अग्नी मी दिला. अस्थी घरीच आहेत, पांढऱ्या कापडात बांधून तिच्याच कपाटात ठेवल्यात. अन्नदानाचा विधी केलेला नाही. इथल्या भन्तेंनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, बाप आल्याशिवाय नाही. विधी होईपर्यंत गेलेल्याला जेवण पोहोचत नाही म्हणतात, हे मलाही माहीत आहे. विज्ञान शिकवते म्हणून मला भीती वाटत नाही असं समजू नकोस.

खाम्पान, तुझा दोष नाही. दहा वर्षांपूर्वी सहा वर्षांची पोर माझ्या पायरीवर बसवून गेलास, तेव्हा तिची आई रायोंगच्या कारखान्यातून परत यायची थांबलीच होती. तू गेला नसतास तर तिघांनी काय खाल्लं असतं? आणि हजारो मैलांवरून मुंग्या कशा दिसणार तुला? त्या मंगळवारी ती शाळेत नेहमीसारखीच होती. कुठला धडा होता ते मला आता आठवत नाही.

दोन ओळी तरी लिही.

तुझी ताई
लामदुआन


१३ ऑगस्ट

चि. खाम्पान,

उत्तर नाही. तिकडच्या भन्तेंनी कळवलं की पत्र तू घेतलंस, न फोडता खिशात घातलंस आणि जेवायला बसलास. चला, जेवतोस तरी.

काल शाळेत मातृदिन झाला. दरवर्षीप्रमाणे आयांसाठी खुर्च्या मांडल्या, पोरं गुडघ्यांवर चालत मोगऱ्याची माळ घेऊन आली. मी मागे माईकपाशी उभी होते. गेली दहा वर्षं या दिवशी मी पुढच्या रांगेत बसायचे. शाळेत मी तिला आत्या म्हणू देत नसे, ठाऊक आहे ना तुला? फाटकाच्या आत बाई, फाटकाच्या बाहेर आत्या. भाचीला झुकतं माप देते असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिला चार गुण कमीच द्यायचे. ती म्हणायची, "आत्या, तू दुसऱ्यांची आत्या असतीस तर बरं झालं असतं." फक्त मातृदिनाला तिला सूट होती. तेव्हा माळ हातात देताना मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं "आत्या" म्हणायची, नंबर एकची नाटकी.

पण शेवटची ती शाळेत "आत्या" म्हणाली ती गुरुपूजेच्या गुरुवारी, त्या मंगळवारनंतर दोनच दिवसांनी. हे मी तुला सांगितलेलं नाही. ती फुलांचं तबक घेऊन गुडघ्यांवर चालत माझ्यापुढे आली, वाकली, कपाळ टेकलं. मी आशीर्वाद दिला. ती उठेना. मागे रांग खोळंबली. मुख्याध्यापक हसून म्हणाले, "बघा, याला म्हणतात भक्ती." मी हळूच म्हटलं, "पुरे आता, ऊठ." तेव्हा तिने मान न उचलता सांगितलं, "आत्या, मला उठता येत नाहीये."

तालुक्याच्या रुग्णालयात आणि तिथून दोन तास जिल्ह्याला. आपलंच शरीर आपल्या मज्जातंतूंवर उलटतं, असा तो आजार. कुंपणच शेत खातं म्हण ना. पावसासाठी रॉकेटं उडवतात त्या जत्रेत अर्धीकच्ची कोंबडी खाऊन पोट बिघडलं होतं ना तिचं, त्यातून होतं कधीकधी. आधी पाय, मग हात, मग श्वास. संध्याकाळी तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. पाचव्या दिवशी हृदयाने साथ सोडली. तरुण डॉक्टर होती, तिने मला विचारलं, "कधीपासून हे?" मी सांगितलं, "आजच सकाळपासून."

मोगऱ्याची एक माळ मी विकत घेतली आणि कपाटात ठेवली.

लामदुआन ताई


२४ नोव्हेंबर

चि. खाम्पान,

भात कापून झाला. तुझ्या वाट्याची जमीन या वर्षी शेजारच्या तोंगकडे कसायला दिली होती, त्याने निम्मा भात आणून टाकला. तू तिकडे काकडीच्या प्लास्टिकच्या घरांत वाकून असशील. परवानगीचे कागद नसलेल्या तुम्हा लोकांना तिकडे छोटी भुतं म्हणतात असं फायने मला सांगितलं होतं. तिला त्याची गंमत वाटायची. "माझा बाबा भूत आहे" असं वर्गात सांगायची.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्या मंगळवारचा धडा आठवत नाही. आठवतो. मज्जासंस्थेचा होता. अकरावीला मी तो सव्वीस वर्षं शिकवते आहे.

तुला सातवीतच शाळेचा कंटाळा आला म्हणून थोडक्यात सांगते. मुलाला टेबलावर बसवायचं, पाय लोंबते सोडायला सांगायचं. गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने टक्कन मारायचं. पाय आपोआप पुढे उडतो. ठोक्याची खबर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि हुकूम तिथूनच परत येतो, मेंदूला विचारत बसत नाही. पुस्तकात हे पाव पान आहे. पण आपल्या पोरांना करून दाखवा म्हटलं की पंचाईत. बाईंच्या दिशेने पाय उडणार! आईबापांनी जन्मापासून शिकवलेलं की पाऊल मोठ्यांकडे करायचं नाही. मग पोरं काय करतात, मांडी आवळून धरतात. मी हातोडी मारतेय आणि निम्म्या वर्गाचा पाय लाकडासारखा. पहिल्या वर्षी मला वाटलं, हा गावच आजारी आहे की काय!

मग मी एक रीत काढली. आधी पोरांनी हात जोडून माझी माफी मागायची, "बाई, पाय लागला तर क्षमा असावी," आणि मी म्हणायचं, "केली." मग मी समोर न बसता बाजूला बसायचं. आणि तरीही कुणी धरून ठेवलाच तर त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावायचं, म्हणजे लक्ष तिकडे जातं आणि पाय सुटतो. पोरं खो-खो हसतात. गावात लग्नात भेटलेले बाप्ये अजून मला म्हणतात, "बाई, तुम्हाला लाथ मारायची परवानगी मिळाली होती, तेवढंच शिकलो."

फायच्या वर्गातही तसंच झालं. सगळ्यांचं झालं. तिचंही झालं.

थंडी पडली असेल तिकडे. पायमोजे पाठवू का?

ताई


८ फेब्रुवारी

खाम्पान,

गावातल्या सोमपाँगचा जावई तिकडून परत आला. तुझ्याच शेतावर होता म्हणे. मी त्याला चिकट भात आणि भाजलेला मासा खायला घालून बोलतं केलं. त्याने सांगितलं की तू बर्फात रबरी बूट काढून अनवाणी उभा राहतोस. मालक ओरडला तर म्हणतोस, बघतोय मुंग्या कधी येतात. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. तो म्हणाला, "ताई, तो कुणाशी बोलत नाही. पोरीचं नाव काढलं की उठून जातो."

मी भात तसाच ठेवून उठले.

इतके दिवस मी तुला लिहिते आहे की तुझा दोष नाही. का नाही, ते लिहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय आहे ते मला माहीत आहे, आणि त्याचं मोल तू तिकडे बर्फात उभा राहून चुकवतो आहेस.

मला थोडा वेळ दे. आणि बूट घाल. मोठी बहीण म्हणून सांगते, बूट घाल.

ताई


२६ फेब्रुवारी

खाम्पान,

हे चौथ्यांदा लिहिते आहे. तीन कागद चुलीत गेले. आता जे येईल ते येऊ दे.

मंगळवार, अकरा जून, दुसरा तास. फाय टेबलावर बसली. हात जोडले, माफी मागितली. मी "केली" म्हटलं आणि हातोडी मारली. पाय हलला नाही. मी म्हटलं, "सोड." पुन्हा मारली. नाही. उजवा, मग डावा. मी तिला बोटं अडकवून ओढायला लावली. तिने ओढली, तोंड लाल होईपर्यंत. पाय लोंबत राहिला.

मी वर्गाला म्हटलं, "हिला दोन भीती. बाईंना लागेल ही एक, आणि आत्याला लागेल ही दुसरी." सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "बाई, मी धरून नाही ठेवलेला." मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात. चल, उतर, पुढचा."

सव्वीस वर्षांत मी किती धरलेले पाय पाहिले असतील! धरलेल्या पायाची मांडी हाताला दगडासारखी लागते. मी तिच्या मांडीवर हात ठेवला असता तर कळलं असतं. पोरांना तेच शिकवते मी. तिच्या मांडीवर मी हात ठेवला नाही. भाचीला जास्त वेळ दिला असं दिसायला नको होतं, आणि घंटा व्हायला चार मिनिटं होती. उतरताना तिची एक चप्पल पायातून गळून पडली आणि तिला कळलं नाही. नुचने उचलून दिली. हे मी पाहिलं. पाहून म्हटलं, "चपला पण धरून ठेव जरा." पुन्हा सगळे हसले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी कदाचित मी स्वतःला माफ केलं असतं. पण दुपारी मी वह्या तपासल्या. सोबत तिच्या वहीतलं पान पाठवते आहे. वही मी फाडली, पहिल्यांदाच कुठल्या विद्यार्थ्याची वही फाडली. तिने निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं आहे: "उजवा पाय: हलला नाही. डावा पाय: हलला नाही. मी धरून ठेवला नव्हता." त्यावर लाल शाईची काट मी मारली आहे. बाजूला लिहिलं आहे: "निरीक्षणात खोटं लिहू नये. पुन्हा कर." ते अक्षर माझं आहे. बुधवारी वही तिला परत मिळाली. खाली पेन्सिलीने तिने लिहिलं आहे: "चुकले, बाई. पुन्हा करीन."

मज्जातंतू मरायला लागले की आधी हाच झटका जातो. मला हे माहीत होतं. माझ्याच टिपणात लिहिलेलं आहे. जिल्ह्याच्या डॉक्टरने खाटेवर तिच्या गुडघ्यावर हातोडी मारली आणि पाय हलला नाही, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाली, "हे दोन दिवस आधी कळलं असतं तर श्वास जायच्या आत औषध चालू करता आलं असतं. वाचलीच असती असं नाही सांगत मी. पण वेळ मिळाला असता." तेव्हा मी सांगितलं, आजच सकाळपासून. पोरीचे डोळे उघडे होते, खाम्पान. नळी होती म्हणून तिला बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

तू तिला नाटकं करू नकोस म्हणालास, तो बाप म्हणून म्हणालास, आणि तुला काही दिसत नव्हतं. मी ते तीस पोरांसमोर म्हणाले, लाल शाईत लिहिलं, आणि माझ्या हातात हातोडी होती. तुझं ओझं माझं आहे. माझं मला परत दे आणि बर्फातून बाहेर ये.

मला माफ कर असं मी म्हणणार नाही. आधी माफी मागून मग लागलं तर चालतं, ही रीत मीच काढली होती. इथे ती चालत नाही.

लामदुआन


१२ जून

खाम्पान,

साडेतीन महिने झाले. भन्ते म्हणतात, पत्र पोहोचलं. या वेळी तू तिथेच फोडलंस, पान घडी करून सदऱ्याच्या आत ठेवलंस आणि न जेवता निघून गेलास. त्यानंतर त्यांनी तुला पाहिलेलं नाही.

काल तो धडा घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, या वर्षी दुसरं कुणी घेऊ दे. मी नाही म्हटलं. एकेकाच्या मांडीवर हात ठेवून पाहिलं. तासाभराचं काम तीन तास चाललं. तिघींचे पाय हलले नाहीत. प्रत्येकीला विचारलं, "धरलायस?" तिघी म्हणाल्या, "नाही, बाई." मी रिक्षा बोलावली आणि तिघींना तालुक्याला नेलं. तिघी ठणठणीत निघाल्या. त्यातल्या एकीने तर डॉक्टरसमोर पाय असा उडवला की त्यांचा चष्मा पडला. परत येताना ती रडत म्हणाली, "बाई, मी धरला होता. तुम्हाला लागू नये म्हणून खोटं बोलले." मी म्हटलं, "बोलत जा. मी दर वेळी नेईन." मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं की रोज रिक्षा भरून पोरं नेणार का. बैल गेला आणि झोपा केला, असं शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, मला ऐकू जाईल असं. खरं आहे ते.

फायला जाऊन वर्ष होईल. अन्नदान अजून व्हायचं आहे. तू येणार नसशील तर तसं सांग, म्हणजे मी तिला एकटी का होईना जेवू घालीन. तिला भूक सहन होत नाही.

ताई


२९ जून, कोरियाहून

ताई,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. विहारातल्या एकाकडून शब्द विचारून लिहितोय.

तुझं फेब्रुवारीचं पत्र चार महिने उशाखाली होतं. त्यातलं वर्गातलं सगळं मला आधीच माहीत होतं. फक्त वहीचं पान माहीत नव्हतं.

त्या मंगळवारी फोनवर फाय नुसत्या मुंग्यांचं नाही बोलली. म्हणाली, "बाबा, आज माझा पाय उडालाच नाही. आत्या म्हणाली मी धरला. मी नव्हता धरला. तू सांग ना आत्याला." मी म्हणालो, "बाईंना उलट बोलू नये. बाई म्हणतात तर धरला असशील. नाटकं करू नकोस." त्यातलं निम्मंच मी तुला सांगितलं. उरलेलं निम्मं तू सांगशील म्हणून थांबलो. पत्र आलं की फोडायचो, आणि तुला धडा आठवत नाही. मग आठवला, तर सगळ्यांचं झालं, तिचंही झालं. ते वाचून मी बूट काढले.

तुझ्यावर राग आहे. तो जाणार नाही. माझ्यावरचाही जाणार नाही. पण आता आपण दोघं एकाच गोष्टीवर रागावलोय.

परवा परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन, कागद नाहीत म्हणून स्वतःचं नाव दिलं. शिक्षा नाही, पण पुन्हा इकडे येता येणार नाही. मालकानं बूट दिले जाताना. डाव्या पायाचं एक बोट कापलं, बाकी ठीक आहे. बारा तारखेला पोहोचतो. भन्तेंना सांग. तिच्यासाठी कोंबडी भाज, पूर्ण भाज.

ती हातोडी घरी आणून ठेव. विधी झाला की मी तुझ्या ओट्यावर बसेन आणि तू समोर बस, बाजूला नाही. मार माझ्या गुडघ्यावर. मी आधी हात जोडणार नाही, ताई. आणि पाय धरणारही नाही.

खाम्पान